‘प्रीपोन’ला चूक म्हणण्याआधी

साताऱ्यातल्या एका शाळेने यंदा सहामाही परीक्षा चार दिवस अलीकडे घेतली आणि तशी दोन ओळींची इंग्रजी सूचना फाटकाजवळच्या फलकावर लावली. परीक्षा ‘प्रीपोन’ केली आहे, असं तीत म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्या शब्दाभोवती लाल पेनने गोल काढला, शेजारी ठळक प्रश्नचिन्ह केलं आणि पालकसभेत परीक्षा राहिली बाजूला, सगळी चर्चा त्या एका शब्दावर आली. एका गटाचं म्हणणं असं की हा शब्दच इंग्रजीत नाही, इंग्रज माणूस तो कधी उच्चारत नाही. शाळाच असं लिहायला लागली तर पोरांनी शिकायचं कुणाकडून? दुसरा गट म्हणत होता, हा शब्द आपण भारतीयांनी इंग्रजीला दिलाय, साहेब जाऊन पाऊणशे वर्षं उलटली, आता तरी त्याच्या तोंडाकडे बघणं सोडा. दोन्हीकडे शिकलीसवरलेली माणसं होती, दोन्हीकडे तळमळ होती. पण पहिल्या गटाची माहिती चुकीची होती, दुसऱ्याचीही चुकीची होती, आणि मला जास्त खटकलं ते हे की साहेब म्हणतो की नाही म्हणत, यापलीकडे एकानेही त्या शब्दाकडे पाहिलं नाही.

माझी भूमिका आधीच सांगतो. ‘प्रीपोन’ हे इंग्रजीच्या रीतीने घडलेलं, उपयोगी आणि अर्थाच्या बाबतीत अतिशय स्वच्छ असं क्रियापद आहे. वहीत ते दिसलं म्हणून गुण कापणं हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे. त्याच वेळी, हा शब्द कुठे चालतो आणि कुठे ऐकणाऱ्याला अडतो हे शिकवणं ही शिक्षकाची जबाबदारी आहे, आणि लाल गोल काढून ती जबाबदारी पार पडत नाही.

आधी शब्दाच्या कुळाकडे बघू. लॅटिनमध्ये ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. ‘पोस्ट’ म्हणजे नंतर. दोन्ही मिळून झालं ‘पोस्टपोन’, नंतर ठेवणे. हा शब्द साधारण १५०० च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या लिखाणात दिसू लागतो. ‘प्री’ म्हणजे आधी, त्यामुळे ‘प्रीपोन’ म्हणजे आधी ठेवणे. यात कुठे ओढाताण आहे? उलट ज्या लॅटिन क्रियापदापासून हा शब्द निघावा, त्याच्याच पोटातून एक नाम निघालं आहे आणि ते आपल्या प्रत्येक शाळेत रोज घोकलं जातं: ‘प्रीपोझिशन’, नामाच्या आधी ठेवलेला शब्द. (आपण मराठीत तो नामाच्या नंतर जोडतो, म्हणून आपल्याकडे ते शब्दयोगी अव्यय.) फळ्यावर ‘प्रीपोझिशन’ लिहून झाल्यावर त्याच तासाला ‘प्रीपोन’ अशुद्ध म्हणणाऱ्याने हे सख्खं नातं एकदा पाहावं. १५४९ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट क्राउली याने बायबलमधल्या स्तोत्रांचा जो अनुवाद केला त्यात हे क्रियापद आहे, देवाला सदैव आपल्या नजरेपुढे ठेवणे या अर्थाने. तो अर्थ पुढे लोपला. मग १९१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या एका वाचकाने पत्र लिहून सुचवलं की ‘पोस्टपोन’ला जोडीदार म्हणून ‘प्रीपोन’ हा शब्द घडवावा, विशेषतः वकील मंडळींच्या सोयीसाठी. तारीख अलीकडे घेणे हा आजचा अर्थ तिथे स्पष्ट आहे. अमेरिकेत तो रुजला नाही, भारतात मात्र घरोघरी झाला, आणि आज ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात हे क्रियापद नोंदलेलं आहे.

म्हणजे ‘असा शब्दच नाही’ हे म्हणणं टिकत नाही, आणि ‘आम्ही दिलेला शब्द’ हेही टिकत नाही. आपण तो घडवला नाही. घडवून टाकून दिलेला शब्द आपण वापरात आणला आणि जगवला. या दोहोंत फरक आहे, आणि माझ्या मते दुसरं काम जास्त मोलाचं आहे, कारण शब्द सुचायला एक माणूस पुरतो, तो जगायला लाखो तोंडं लागतात.

इथे विरोधकांचा एक मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. कोशात नोंद असणं म्हणजे शुद्धतेचा दाखला नव्हे. आजचे कोशकार लोक काय बोलतात ते टिपतात. कोशात शिव्याही असतात आणि मेलेले शब्दही असतात. तेव्हा ‘डिक्शनरीत आहे, विषय संपला’ असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी उभा नाही. शब्दाची बाजू त्याच्या कामावरून मांडावी लागते. मग प्रश्न असा की या शब्दाचं असं कोणतं काम आहे जे इंग्रजीतल्या प्रतिष्ठित शब्दांकडून होत नव्हतं?

इंग्लंडमध्ये बैठक आधी घ्यायची तर ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणतात, अमेरिकेत ‘मूव्ह अप’. ‘ॲडव्हान्स’ हेही क्रियापद आहे, पण आपल्या पट्ट्यात ॲडव्हान्स म्हटलं की ऊसतोड टोळीला दिलेली उचल डोळ्यांपुढे येते, तारीख येत नाही. राहिलं ‘फॉरवर्ड’. फॉरवर्ड म्हणजे पुढे, हे पोर पाचवीत शिकतं. आणि मराठीत तारीख ‘पुढे’ गेली म्हणजे काय झालं? लांबली. लग्न पुढे ढकललं, सुनावणी पुढे गेली, गळीत हंगाम पुढे गेला, या प्रत्येक ठिकाणी ‘पुढे’ म्हणजे उशिरा. उलट दिशेला आपल्याकडे ‘अलीकडे’ हा सुंदर शब्द आहे: मुहूर्त अलीकडे घेतला, तोड अलीकडे आली. काळाच्या रस्त्यावर आपण इथे उभे, जे आपल्या बाजूला सरकलं ते अलीकडे आणि दूर गेलं ते पुढे. इंग्रजीचा ‘ब्रिंग फॉरवर्ड’ याच्या नेमका उलटा चालतो. जमाखर्चाच्या वहीत तर आणखी पंचाईत. तिथे ‘ब्रॉट फॉरवर्ड’ म्हणजे मागील पानावरून पुढे, म्हणजे रक्कम नंतरच्या पानावर आलेली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला एकाच आठवड्यात हा वाक्प्रयोग दोन उलट दिशांनी भेटतो.

हा घोळ फक्त आपल्यालाच होतो असंही नाही. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशा माणसांना मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी एक साधा प्रश्न विचारून पाहिला आहे: पुढच्या बुधवारची बैठक दोन दिवस ‘मूव्ह फॉरवर्ड’ केली, तर ती आता कोणत्या वारी? साधारण निम्मे लोक सोमवार म्हणतात, निम्मे शुक्रवार. लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रॅम्सकर यांनी तर दाखवलं की उत्तर माणूस त्या क्षणी काय करत होता यावरही अवलंबून राहतं. विमानतळावर कुणाला घ्यायला आलेल्यांपेक्षा नुकते विमानातून उतरलेले लोक ‘शुक्रवार’ जास्त वेळा म्हणाले. ‘ब्रिंग’ जोडलं की ब्रिटिश कानाला अर्थ पक्का होतो, हे खरं. पण तो पक्का होतो सवयीने, शब्दांच्या घडणीतून नव्हे. ‘प्रीपोन’ला अशी सवय लागत नाही. ‘पोस्टपोन’ ज्याला येतो त्याला तो पहिल्यांदा ऐकूनही कळतो, आणि उलटा कळण्याची सोयच त्यात नाही.

मिरज जंक्शनचा विचार करा. गाडीची वेळ अर्धा तास उशिरा झाली तर प्रवाशाचा अर्धा तास जातो; अर्धा तास अलीकडे आली आणि सूचना उलटी कळली तर गाडीच जाते. अशा ठिकाणी रेल्वेने, न्यायालयांनी, विद्यापीठांनी हा शब्द उचलला यात नवल काय? सुनावणीची तारीख अलीकडे मिळावी म्हणून जे अर्ज होतात त्यांत ‘प्रीपोनमेंट’ हे नामसुद्धा सर्रास येतं. १९१३ च्या त्या पत्रलेखकाला वकिलांची जी गरज दिसली होती, ती अखेर भारतातल्या न्यायालयांत भागली. हा शब्द इथे अडाण्यांच्या चुकीतून पसरला असं मानणाऱ्यांनी तो कुठे कुठे रुजला ती ठिकाणं तरी पाहावीत. जिथे तारखेची चूक महागात पडते, तिथेच तो सर्वांत घट्ट आहे.

आता विरोधी बाजूचा सर्वांत जड मुद्दा. तो सभेत एका आईने मांडला आणि त्याला दुसऱ्या गटाकडून उत्तर मिळालं नाही. तिचं म्हणणं होतं, “तुमचं तत्त्व खरं असेल, पण किंमत माझ्या मुलीने मोजायची. उद्या ती बाहेरच्या विद्यापीठाला पत्र लिहील, परदेशी कंपनीला मुलाखत देईल. समोरचा म्हणेल, हिचं इंग्रजी कच्चं आहे. तेव्हा तिथे जाऊन तुम्ही लॅटिन समजावणार का?” हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. भाषा न्यायाने चालत नाही, प्रतिष्ठेने चालते, आणि साताऱ्या-सांगलीच्या मुलांपाशी पुण्या-मुंबईच्या मुलांइतकी प्रतिष्ठेची शिल्लक नसते. चूक नसलेल्या गोष्टीसाठीही त्यांनाच आधी ऐकून घ्यावं लागतं.

पण या मुद्द्यातून निघतं काय? ब्रिटनला किंवा अमेरिकेला पत्र लिहिताना तिथला वाक्प्रयोग वापरावा, एवढंच. अमेरिकेतला माणूस शरद ऋतूला ‘फॉल’ म्हणतो आणि इंग्लंडमधला ‘ऑटम’. लंडनला अर्ज करणारा अमेरिकन ‘ऑटम’ लिहील, पण म्हणून त्याची शाळा ‘फॉल’वर लाल रेघ मारत नाही. आपण मात्र ‘तिकडे चालत नाही’ याचं ‘चूक आहे’ असं भाषांतर करून टाकतो. तिकडे काय चालतं ही उपयोगाची माहिती आहे, ती मुलाला दिलीच पाहिजे. ‘तुझं चुकलं’ हा निकाल आहे, आणि निकाल मुलाच्या मनात फार वेगळं काम करतो.

ते काम मी जवळून पाहिलं आहे. माझी भाची कराडला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकते. मुलाखतीच्या सरावात तिला साइटवरचा एखादा पेच सांगायला लावला. तिने बांधकामावरची गोष्ट घेतली: ठेकेदाराला काँक्रीटच्या क्यूबची २८ दिवसांची चाचणी आठ दिवस अलीकडे हवी होती, बिल लवकर निघावं म्हणून. तिने सांगायला सुरुवात केली की त्याला टेस्ट ‘प्रीपोन’ करून हवी होती. सराव घेणाऱ्याने तिथेच थांबवलं, शब्द फळ्यावर लिहिला, त्यावर फुली मारली. वर्ग हसला. तिचं खरं उत्तर तर पुढेच होतं: काँक्रीट दिवसागणिक ताकद धरत जातं, सात दिवसांचा आकडा वेगळा आणि अठ्ठावीसचा वेगळा, चाचणी अलीकडे घेतली तर तुम्ही दुसऱ्याच वयाचं काँक्रीट मोजता, आणि हे तिने ठेकेदाराला कसं पटवलं. ते उत्तर तिने दोन मोडक्या वाक्यांत गुंडाळलं आणि खाली बसली. त्या खोलीत इंग्रजी सुधारलं की एका होतकरू इंजिनिअरचं तोंड बंद झालं? आणि विसरू नका, तिचं वाक्य प्रत्येकाला पहिल्या फटक्यात कळलं होतं.

“मग काहीही चालेल का?” हा पुढचा प्रश्न ठरलेला आहे, आणि तो विचारायलाच हवा. नाही, काहीही चालणार नाही. ‘डिस्कस अबाउट’ घ्या. ‘डिस्कस’मध्ये ‘विषयी’ आधीच आहे, वरून जोडलेला शब्द काहीही भर घालत नाही. ‘रिटर्न बॅक’ तसंच. ही उदाहरणं मी वहीत आजही दुरुस्त करेन. माझी कसोटी साधी आहे: शब्दाने एखादी रिकामी जागा भरली का, तो त्या भाषेच्या रीतीने घडला आहे का, आणि ज्यांच्यात तो वापरला जातो त्यांना तो नेमका कळतो का. ‘प्रीपोन’ तिन्हींत उतरतो. ‘कझिन ब्रदर’बद्दल मी जरा घुटमळतो, कारण चुलतभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ अशी नाती असलेल्या घरात ‘कझिन’ हा लिंगाचाही पत्ता न देणारा शब्द अपुरा वाटतो हे खरं आहे. तरी शाळेच्या निबंधात तो मी टाळायलाच सांगेन. सगळ्या भारतीय प्रयोगांना एकाच टोपलीत टाकून एक तर सगळे चूक किंवा सगळे बरोबर ठरवणं, हा विचार करायचा कंटाळा आहे.

आणि ‘चांगले इंग्रजी बोलणारे हा शब्द वापरत नाहीत’ हा जो हुकमी युक्तिवाद आहे, त्याचा इतिहास आपण मंडळींनी जरूर वाचावा. ज्या मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणीमुळे इंग्रजी शिक्षण आपल्या दारात आलं, त्यानेच १८४२ मध्ये एका संपादकाला लिहिलेल्या पत्रात एका शब्दाविषयी नाराजी कळवली. दोन कारणं दिली: एक, त्या शब्दाची गरज नाही, दोन, उत्तम इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी तो कधी ऐकू येत नाही. तो शब्द होता ‘टॅलेंटेड’. त्याच्या दहा वर्षं आधी कवी कोलरिजनेही त्याच शब्दाला रानटी म्हटलं होतं आणि तो वर्तमानपत्रांतून भाषेत शिरतोय म्हणून खेद केला होता. आज साताऱ्यात गॅदरिंगच्या बक्षीस समारंभात ‘टॅलेंटेड’ म्हटल्याशिवाय एक भाषण पुरं होत नाही, आणि लंडनमध्येही त्याने कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. थॉमस जेफरसनने व्हर्जिनियावरच्या आपल्या पुस्तकात ‘बिलिटल’ (कमी लेखणे) हे क्रियापद वापरलं तेव्हा १७८७ मध्ये लंडनच्या एका मासिकाने त्याची टर उडवली होती. त्याहूनही मागे जा. १५५७ मध्ये जॉन चीक या इंग्रज विद्वानाने लिहिलं की आपली भाषा स्वच्छ, निर्भेळ राखावी, इतर भाषांच्या उसनवारीने बिघडवू नये; आणि तेव्हाचे शुद्धतावादी ज्या शब्दांना ‘दौतीतले शब्द’ म्हणून हिणवत होते ते बहुतेक लॅटिनमधून आलेले होते. ‘पोस्टपोन’ त्याच गोतावळ्यातला. ज्याच्या नावाने आज ‘प्रीपोन’ला हाकलायचं चाललंय, तो थोरला भाऊसुद्धा आगंतुकांच्याच रांगेतून आत आला आहे.

हे सगळं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही, कारण आपण मराठी माणसांनी याच वादाचं मोठं पर्व भोगलेलं आहे. साताऱ्याच्या गादीच्या मोडी कागदांत फारसी-अरबी शब्दांची रेलचेल आहे. त्याआधी शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला आणि कारभारातल्या शेकडो यवनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. ते काम थोर होतं, त्यामागे राज्याच्या स्वत्वाचा विचार होता. तरी अर्ज, हजर, जमीन, सरकार, दफ्तर हे शब्द टिकले, कारण ते तोवर मराठी झाले होते. ज्या तारखेवरून हा सगळा वाद चालला आहे ती ‘तारीख’ही अरबी, फॉर्मवर ‘दिनांक’ छापलेला असतो आणि तोंडात तारीख. काहींचे तर अर्थही बदलून गेले. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, परदेशी माणूस. आपल्या तोंडी येईतो तो निर्धन झाला. आता मला सांगा, ‘गरीब’ या शब्दाचा आमचा अर्थ बरोबर की चूक, हे विचारायला सांगलीतून कुणी बगदादला माणूस धाडला होता का? शब्द आमच्या तोंडी रुळला, आमच्या गरजेला आला, कोशात गेला, अभंग-लावण्यांत गेला. मराठीला जो हक्क आपण इतका सहज देतो, तो आपल्याच बोलण्यातल्या इंग्रजीला द्यायची वेळ आली की घशात आवंढा का येतो?

याचं उत्तर मला भाषेत सापडत नाही, सत्तेत सापडतं. फारसीचा दरारा संपून दोन शतकं झाली, इंग्रजीचा संपलेला नाही. साताऱ्याला तो नीट ठाऊक आहे. पदच्युत छत्रपती प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षं तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या दारात झगडत राहिले. न्याय मागायचा तो त्यांच्या भाषेत, त्यांच्या सभागृहात. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच शहरात, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भीमराव आंबेडकरांचं नाव इंग्रजी पहिलीत दाखल झालं, आणि पुढे त्याच भाषेत त्यांनी जातिव्यवस्थेची चिरफाड केली, राज्यघटनेचा मसुदा उभा केला. १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था उभी करणाऱ्या भाऊराव पाटलांनी ज्यांच्या घरात पाटी नव्हती त्यांच्या पोरांना वर्गात आणून बसवलं. या परंपरेत इंग्रजी हे मुलाच्या हातात द्यायचं अवजार आहे. कोण आत येतो आणि कोण बाहेर राहतो हे ठरवणारा पहारेकरी म्हणून ती वापरली जाते, तेव्हा त्या पहाऱ्याची झळ सर्वांत आधी पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याला लागते. ज्याच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येतं तो मुलगा ‘प्रीपोन’वर हसून पुढे जातो. जिच्या घरी ते कधी आलं नाही ती मुलगी पुढच्या वेळी हातच वर करत नाही.

म्हणूनच मला दुसऱ्या गटाचा अभिमानही पसंत नाही. ‘हा आमचा शब्द, आम्ही म्हणू ते इंग्रजी’ या घोषणेने त्या मुलीच्या हाती काय पडतं? तिला कुणी सांगितलं का की लंडनच्या पत्रात काय लिहायचं, ‘ब्रिंग फॉरवर्ड’ ऐकलं तर तारीख कोणत्या बाजूला सरकवायची? घोषणा देणाऱ्यांच्या स्वतःच्या मुलांना हे घरी कळलेलं असतं. अभिमानाने वर्ग चालत नाही. आणि ज्या शब्दाचा जन्म इथला नाही तो इथला म्हणून सांगितला की समोरच्याच्या हातात आयतं कोलीत मिळतं. तो १९१३ चं पत्र दाखवतो आणि त्याबरोबर तुमचा खरा मुद्दाही वाहून जातो.

मला हवंय ते फार थोडं आहे आणि ते उद्याच्या तासाला करता येण्यासारखं आहे. वहीत ‘प्रीपोन’ आला तर गुण कापू नयेत. समासात शिक्षकाने एक ओळ लिहावी: भारतात बरोबर, ब्रिटनमध्ये ‘ब्रिंग फॉरवर्ड’, अमेरिकेत ‘मूव्ह अप’. जमल्यास वर्गात पाच मिनिटं काढून ‘पोनेरे’चं कुटुंब फळ्यावर मांडावं, कारण एका धातूतून पोस्टपोन, प्रीपोझिशन, अपोनंट, कंपोनंट असे किती शब्द उलगडतात हे मुलांना दिसलं की शब्दसंग्रहाची निम्मी घोकंपट्टी वाचते. मुलाखतीचा सराव घेणाऱ्यांनी उत्तर पुरं होऊ द्यावं आणि शब्दाबद्दल नंतर, एकट्याला सांगावं. शाळांनी आपल्या सूचनांत हा शब्द बेलाशक वापरावा, शेजारी नवी तारीख आणि वार लिहावा. खरं तर कोणताही शब्द वापरला तरी तारीख आणि वार लिहायलाच हवेत. शिक्षक म्हणतील, साठ-साठ वह्या तपासताना एवढं लिहायला सवड कुठे आहे? अडचण खरी आहे, वह्यांचे गठ्ठे मी पाहिलेत. पण हा शब्द एका वर्गात वर्षातून किती वेळा येणार? पहिल्यांदा येईल तेव्हा साऱ्या वर्गाला मिळून एकदाच सांगा, फळ्यावर तिन्ही प्रयोग एकाखाली एक लिहा आणि पोरांना ते वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्यायला सांगा.